निवांत नावाचा कूलर

धामणगाव बढ्याच्या त्या लग्नात नवरदेवाच्या अंगावर वारा सोडणारा कूलर इंद्रभान सरांनी स्वतःच्या हातानं बनवलेला होता. सरांनी तो मंडपाच्या दारातूनच ओळखला. शाळा सुटल्यावर आई आपलं पोर पाठमोरं ओळखते, तसा. पत्र्याची कड दुमडायची त्यांची एक खास पद्धत होती. आयटीआयमध्ये पत्रेकामाचे निदेशक असताना त्यांनी ती पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवली होती, आणि एकालाही ती जमली नव्हती. रिटायर झाल्यावर सर उन्हाळ्यापुरते घरामागच्या शेडमध्ये कूलर बनवू लागले, त्यामागे थोडाफार त्या पोरांवरचा रागही होता.

सर कौतुकानं कूलरजवळ गेले, तर त्याच्या छातीवर स्टिकर. बर्फाचा डोंगर, डोंगरावर पेंग्विन, आणि खाली लाल अक्षरांत 'दीपज्योती कूलर'.

शेजारी घाम पुसत बसलेले एक पाहुणे सरकून जागा करत म्हणाले, "बसा इथं. दीपकचा कूलर हाये. लय भारी! टिपका गळत नाही, आवाज नाही."

"हा कूलर माझा आहे," सर म्हणाले.

"असं का? किरायानं देता का तुम्ही?"

सरांना जेवण गेलं नाही. वरण-बट्टी होती, तरी गेलं नाही. मंडपाच्या मागं त्यांनी दीपकला गाठलं. हा दीपक मोताळ्याकडचा दुकानदार. दर उन्हाळ्यात सरांकडून कूलर उचलायचा आणि घाट उतरल्यावर विकायचा. सर राहायचे ते बुलढाणा घाटावर, त्यामुळे तिथल्या माणसाला आपल्या हवेचा भारी अभिमान. मे महिन्यात घामानं निथळत असला तरी तो 'आपल्या इकडं कूलर लागत नाही' असंच सांगणार. सरांचं सगळं गिऱ्हाईक म्हणूनच घाटाखाली होतं, आणि घाटाखाली दीपक होता.

"स्टिकर लावलं म्हणून काऊन चिडता सर?" दीपक अजिबात ओशाळला नाही. "तुम्ही कूलर बनवता, मी ब्रँड बनवतो. लोक कूलर घेत नाहीत, नाव घेतात."

राजूर घाट चढताना सरांनी स्कूटर नेहमीपेक्षा जोरात हाणली. मागं बसलेल्या त्यांच्या बायकोनं, सिंधूताईंनी ओळखलं, की आता यांच्या डोक्यात काहीतरी शिरलं आहे आणि ते वेल्डिंग केल्यासारखं बसलं आहे. घर आल्यावर स्कूटर स्टँडला लावत सर एवढंच म्हणाले, "सिंधू, आपण ब्रँड करायचा."

"करा," सिंधूताई म्हणाल्या. "पण आधी हेल्मेट काढा."

ब्रँड करायचा म्हणजे आधी नाव पाहिजे. नावाची चर्चा शेजारच्या निवृत्तीभाऊंच्या कानावर गेली. म्हणजे सरांनीच कंपाउंडवरून सांगितली, आणि मग ती सरांची राहिली नाही. निवृत्तीभाऊंची शेती देऊळघाटला, वाट्यानं दिलेली. स्वतः बुलढाण्यात राहून ते सगळ्या गल्लीला सल्ला देत. मुलगा हरिओम पुण्यात. त्याला फोनवर फार सल्ला देता येत नसे, त्यामुळे त्याच्या वाट्याचाही सरांना मिळे.

"नाव असं पाह्यजे सर, का घेतल्याबरोबर अंगावर काटा आला पाह्यजे. 'काश्मीर' ठेवा."

"मी काश्मीर पाहिलेलं नाही," सर म्हणाले. "न पाहिलेल्या गोष्टीची हमी मी कशी देऊ?"

"मंग सोताचं नाव द्या. इंद्रभान कूलर." एवढं म्हणून निवृत्तीभाऊ स्वतःच थबकले. "नाही, नाही. भान म्हंजे त भानू, सूर्य! कूलरवर सूर्य कोणी लावते का?"

सरांनी हे नाव जन्मभर वागवलं होतं. त्यात सूर्य आहे हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं आपण थंड हवेचं काम करताना नाव आपल्याविरुद्धच होतं, असं वाटून ते जरा खिन्न झाले.

शेवटी सिंधूताईंनी मेथी निवडता निवडता प्रश्न सोडवला. "तुमचा कूलर लावला का माणूस निवांत झोपते. एवढंच त हाये त्याच्यात. 'निवांत' ठेवा."

सरांनी ते नाव दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि तिथल्या तिथं पक्कं केलं. त्या नावानं पुढं काय काय होणार आहे हे मेथी निवडणाऱ्या बाईला कळायचं काही कारण नव्हतं.

बसस्टँडमागं एका झेरॉक्सच्या दुकानावर राखीचं ऑफिस होतं. पाटीवर 'ग्राफिक डिझाइन, वेब डिझाइन, ब्रँडिंग' असं लिहिलेलं. राखी पुण्यात डिझाइन शिकून मुद्दाम गावी परत आली होती. आल्यापासून तिनं वाढदिवसाचे बॅनरच केले. एकाच बॅनरवर चाळीस हसरे चेहरे बसवून बसवून तिची नजर अधू व्हायला आली होती. सर जिना चढून आले आणि "मला ब्रँड करायचा आहे" म्हणाले, तेव्हा तिनं त्यांना आपली खुर्ची दिली.

"सर, तुमचा ब्रँड जर माणूस असता, तर तो कसा असता?"

सरांनी प्रश्नाचा मान ठेवून बराच विचार केला. "उंच," ते म्हणाले. "चौकोनी."

"तसं नाही. स्वभावानं?"

"थंड. आणि गळका नसता."

राखीनं ते लिहून घेतलं. या जिल्ह्यात बॅनरशिवायही काही डिझाइन होतं हे तिला दाखवायचं होतं, आणि तिच्याकडे आलेलं पहिलं खरं काम हेच होतं. आठवड्यानं तिनं लोगो दिला. एकच निळी, वळत जाणारी रेघ. म्हणजे वारा. सरांनी तो मोबाईलवर गल्लीभर दाखवला. इथंच चुकलं.

"गोगलगाय हाये," निवृत्तीभाऊ म्हणाले.

"जिलबी वाटते मले त," त्यांच्या बायको आशाबाई म्हणाल्या.

सिंधूताईंनी चष्मा लावून लोगो पाहिला, मग सरांकडे पाहिलं. "तुमच्या डोक्यावर उरलेली बट हाये ना ही?"

त्यानंतर सरांनी स्वतः कागदावर लोगो काढला. त्यात कूलरचा उभा छेद होता, हवेची दिशा दाखवणारे बाण होते, आणि पंप, टाकी, गवताच्या ताट्या यांना अ, ब, क अशी नावं दिलेली होती. राखीनं तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाली, "सर, हे वर्कशॉपच्या भिंतीवर फार छान दिसेल."

असे कागद बरेच गेले-आले. सर हट्टी होते, पण राखीही काही कमी नव्हती. शेवटी एक उघडी खिडकी आणि तिचा उडणारा पडदा यावर दोघांचं जमलं. राखीला पडदा आवडला. सरांना खिडकीचे काटकोन आवडले. मग सरांनी त्या खिडकीचा आणि 'निवांत' या अक्षरांचा लोखंडी ठसा करून घेतला आणि त्या उन्हाळ्याच्या एकूण एक कूलरच्या पत्र्यात ते नाव दाबून उठवलं. स्टिकर निघतं. आता हे काढायचं तर कूलर कापावा लागला असता. सरांच्या छातीतलं धामणगावचं दुखणं त्या दिवशी जरा उतरलं.

राहिली वेबसाइट. तिच्यासाठी फोटो पाहिजे होता, आणि राखीला फोटोत खरी माणसं पाहिजे होती. खरी माणसं कंपाउंडपलीकडे तयारच होती. निवृत्तीभाऊ भर मे महिन्यात लग्नातला कोट घालून आले, तो राखीनं गोड बोलून काढायला लावला. आशाबाईंनी जरीची साडी नेसली. सरांच्या व्हरांड्यात दोन आरामखुर्च्या टाकल्या, मागं कूलर लावला, आणि कधी नव्हे ते नवराबायको एकमेकांशेजारी शांत बसले. फोटो अप्रतिम आला. दोघांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की आशाबाईंनी तो पाहून विचारलं, "हे आपणच होय?"

सरांनी मात्र फोटो जवळ नेऊन पाहिला, लांब नेऊन पाहिला. "यात कूलर कुठे आहे?"

"मागं आहे सर. थोडा धूसर केलाय. आपण प्रॉडक्ट नाही दाखवत, भावना दाखवतो."

भावना वेबसाइटचं अख्खं पान व्यापून होती. कूलर आशाबाईंच्या खांद्यामागं एखाद्या कपाटासारखा उभा होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'निवांत. आई-बाबांना निवांत ठेवा.' सरांना काहीतरी खटकलं. पण आपण पत्र्यातले, पोरगी डिझाइनमधली, आपण लोगोच्या वेळी तिला पुष्कळ छळलं आहे, असा विचार करून ते गप्प बसले. आयुष्यात सर फार कमी वेळा गप्प बसले होते, आणि नेमके इथं बसले.

वेबसाइट सुरू झाली. सरांनी पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी फोन आला. सरांनी शर्टाचं वरचं बटण लावून तो उचलला.

"निवांत का? तुमच्याकडे जागा आहे का हो? आमच्या बाबांसाठी हवं होतं."

"बाबांसाठी ना? उत्तम. खोली केवढी आहे?"

"ते तुम्हीच सांगा ना."

गिऱ्हाईक नवखं दिसतं, असं समजून सर निदेशकाच्या आवाजात शिरले. "हे बघा, समोरची एक खिडकी कायम उघडी ठेवायची. नाहीतर कोंदट होतं. पाणी रोज सकाळी भरायचं."

"म्हणजे ते बाबांनी स्वतः भरायचं?"

"कोणीही भरा. पण महिन्यातून एकदा बाहेर अंगणात काढून स्वच्छ धुवायचं. नाहीतर वास येतो."

पलीकडून बारीक आवाजात प्रश्न आला, "महिन्यातून एकदा?"

"पुरेसं आहे. सीझन संपला की कोरडं करून, ताडपत्रीत गुंडाळून माळ्यावर टाकायचं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघायला नको."

फोन कट झाला. सर नेटवर्कवर चिडले.

असे फोन रोज येऊ लागले. कोणी 'डॉक्टर येतात का' विचारी, त्यावर सर 'मीच येतो, गरज पडली तर' असं सांगत. शेवटी एक फोन सिंधूताईंनी उचलला. बाई विचारत होत्या, जेवणात कांदा-लसूण असतो का. सिंधूताईंनी फोन ठेवला, वेबसाइट उघडली, तो फोटो आणि त्याखालची ओळ वाचली आणि पदराला हात पुसत शेडमध्ये आल्या.

"सर," त्या म्हणाल्या. (लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याही यांना सरच म्हणू लागल्या होत्या. गावच म्हणत होतं, वेगळं कशाला.) "तुम्ही कूलर नाही काढला. वृद्धाश्रम काढला."

तोवर तो फोटो बराच फिरला होता. देऊळघाटच्या भावकीच्या ग्रुपवर गेला, तिथून आशाबाईंच्या माहेरी. 'हरिओमनं मायबापाले वृद्धाश्रमात टाकलं' ही बातमी जिथं जाई तिथं थोडी वाढून पुढं जाई. पहिल्या दिवशी आशाबाईंची मावसबहीण आली ती दारातच गळ्यात पडून रडली. "काय गत झाली वं तुही!" दुसऱ्या दिवशी निवृत्तीभाऊंचे चुलतभाऊ केळी घेऊन आले. आशाबाई आधी भयंकर चिडल्या. मग चिकू आले, मग कोणीतरी मोसंबी आणली, आणि त्यांचा राग उतरत गेला. "सांगून पाहतो," त्या सिंधूताईंना म्हणाल्या, "पण लोकाइले खरं आयकाचंच नाही. मंग घेतो फळं."

निवृत्तीभाऊंचं मात्र मन लागेना. पोराची बदनामी त्यांना सोसत नव्हती. त्यांनी सरांना सल्ला देणं बंद केलं. कंपाउंडवर अशी शांतता गल्लीनं कधी अनुभवली नव्हती.

सर जिना चढून राखीकडं गेले तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. तिचे डोळे लाल होते.

"मी आजच वेबसाइट बंद करते सर. नाव बदलू. सगळं पुन्हा करू, माझ्याकडून. आणि पुन्हा मी फक्त बॅनरच करीन."

"उभी राहा," सर म्हणाले. राखी घाबरून उभी राहिली. "वेल्डिंग उखडलं म्हणून कोणी पत्रा फेकत नाही. जिथं उखडलं तिथं पुन्हा मारायचं. नाव बदलणार नाही. ते पत्र्यात उठवलंय. आणि तू बॅनर करणार नाहीस. बस."

"पण लोकांचा गैरसमज?"

"तो माझा प्रश्न आहे. तू आधी तो कूलर धूसरातून बाहेर काढ."

तिनं कूलर बाहेर काढला, खाली 'एअर कूलर' असं ठळक लिहिलं. पण एकदा फिरलेला जुना फोटो कोणाच्या बापाला परत बोलावता येत नाही. तो एका सरकारी कार्यालयातही जाऊन पोचला होता. कोणत्या, ते इथं सांगण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारं एक कार्यालय असतं, एवढं समजलं तरी पुरे. तिथून पंजाबराव नावाचे साहेब 'विनानोंदणी वृद्धाश्रमाची' पाहणी करायला आले. तेही भर दुपारी.

आता योग असा, की निवृत्तीभाऊ रुसले असले तरी दुपारी कूलरपुढं येऊन बसणं त्यांनी सोडलं नव्हतं. रुसवा वेगळा, ऊन वेगळं. व्हरांड्यात त्याच दोन आरामखुर्च्यांत ती दोघं बसलेली. पंजाबरावांनी हातातल्या फोटोकडं पाहिलं, समोर पाहिलं, आणि चोर हाती लागावा तसे ते खुश झाले.

"आजी," त्यांनी मोठ्यानं विचारलं, "इथं काही त्रास तर नाही ना?"

"त्रास काहाचा?" आशाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी घरी जा लागते, तेवढाच."

"घरी पाठवतात! बरं. जेवण?"

"घरूनच जेवून येतो."

"अरेरे. आजोबा, मोकळेपणानं सांगा. कोणी मारतं का?"

"सर मारतात," निवृत्तीभाऊ म्हणाले. "रोज."

पंजाबरावांचं पेन थांबलं.

"रमीत," निवृत्तीभाऊंनी खुलासा केला. "पत्ते पाहून खेळतात, मले डाऊट हाये."

हा खुलासा लिहावा की नाही याचा पंजाबराव विचार करत होते, तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि हरिओम उतरला. पाठीवर बॅग, दाढी वाढलेली, पुण्याहून थेट. त्यानं पाहिलं ते असं: आपले आईवडील फोटोतल्याच खुर्च्यांत बसले आहेत आणि एक सरकारी माणूस त्यांचा जबाब घेत आहे.

"इंद्रभान काका!" तो ओरडला. "तुमच्या भरवशावर यांना इथं ठेवलं होतं मी!"

"म्हणजे ठेवलं होतं," पंजाबरावांनी लगेच टिपून घेतलं.

आवाज ऐकून सर शेडमधून आले. हातात पाना, कपाळावर काळा डाग. त्यांनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं. आजवर त्यांना कोणी चोर म्हटलं नव्हतं, आणि आता तर स्वतःच्या व्हरांड्यात वृद्धचोर ठरायची पाळी आली होती. त्यांनी कूलरचा प्लग काढला, मागची ताटी उचलून बाजूला ठेवली, आणि पान्यानं एकेक भाग ठोकत शिकवायला सुरुवात केली. ही टाकी. हा पंप. इथून पाणी वर चढतं, ताटीवरून उतरतं, हवा ओली होते, थंड होते. याला कूलर म्हणतात. याचं नाव निवांत. यात माणूस ठेवता येत नाही. ठेवायला गेलं तर गुडघे मावत नाहीत. कोणाला शंका?

कोणालाच शंका उरली नाही. हरिओम पायरीवर मटकन बसला. त्याच्या ऑफिसमधल्या कोणीतरी तो फोटो त्याच्यापुढं धरला होता, आणि तो डबा तसाच टाकून निघाला होता. आशाबाईंनी त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

"ये म्हनून फोन करतो त तुले सुट्टी नसते," त्या म्हणाल्या. "वृद्धाश्रम म्हटल्यावर लगेच भेटली बे सुट्टी?"

हरिओमनं पाणी पिऊन घेतलं. मग तो म्हणाला, "चार दिवस राहतो आता." आशाबाईंनी लगेच त्याला चिकू कापून दिले. घरात फळं भरपूर होती.

पंजाबरावांचं प्रकरण मात्र एवढ्यावर मिटणारं नव्हतं. वृद्धाश्रम नाही हे त्यांना पटलं होतं. "पण फाईल उघडली आहे," ते म्हणाले. "ती बंद करायची तर तुम्ही संस्था बंद केल्याचा अर्ज द्या."

"जी संस्था सुरूच झाली नाही, ती बंद कशी करू?"

"तीच तर अडचण आहे. आधी सुरू असल्याची नोंद करावी लागेल. मग लगेच बंद करू."

"मी खोटं लिहून देणार नाही."

सर त्या कार्यालयात किती वेळा गेले ते त्यांनी मोजलं नाही. प्रत्येक खेपेला पंजाबराव 'एक सही करा आणि सुटा' म्हणायचे आणि प्रत्येक खेपेला सर 'नाही' म्हणायचे. साहेबांच्या मागं एक सरकारी कूलर होता, खडखड करणारा, एका कोपऱ्यातून ठिबकणारा. तिसऱ्या का चौथ्या खेपेला ते ठिबकणं सरांना सहन झालं नाही. त्यांनी खिशातून पाना काढला, खाली बसले, आणि बोलता बोलता कड आवळून टाकली. ही लाच धरायची की सार्वजनिक मालमत्तेत ढवळाढवळ, हे पंजाबरावांना ठरवता येईना. पण खोलीत शांतता पसरली आणि त्या शांततेत त्यांना प्रथमच नीट विचार करता आला. त्यांनी फाईलवर शेरा लिहिला: 'प्रत्यक्ष पाहणीत आढळलेले वृद्ध स्वतःच्या घरी राहत असून दुपारी शेजाऱ्याकडे बसतात. प्रकार: शेजार. फाईल बंद.'

तो शेरा ऐकून निवृत्तीभाऊंचा रुसवा संपला. त्याच संध्याकाळी त्यांनी कंपाउंडवरून सरांना, त्या कार्यालयात पहिल्याच दिवशी कसं बोलायला पाहिजे होतं, यावर सविस्तर सल्ला दिला.

फोन मात्र येतच होते. फरक एवढाच पडला, की आता सर चिडत नव्हते. समोरचं माणूस चुकून का होईना, आपल्याकडं आलं आहे, हे त्यांनी मनाशी धरलं. अशाच एका दुपारी नागपूरहून पुष्पांजली नावाच्या बाईंचा फोन आला. वडील लोणारला एकटे राहतात, उन्हाळा सोसत नाही, झोप होत नाही, दिवसभर चिडतात. तिच्याकडं यायला तयार नाहीत. काय करावं सुचत नाही.

"ताई," सर म्हणाले, "हा वृद्धाश्रम नाही. कूलर आहे."

"सॉरी हां. मग ठेवते."

"थांबा. बाबांना त्रास उन्हाचा आहे ना? मग बाबांना कशाला हलवता? आपण कूलर हलवू."

तिनं बाबांचा पत्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी सर आणि निवृत्तीभाऊ भाड्याच्या टेम्पोत कूलर घालून लोणारला गेले. निवृत्तीभाऊंचं तिथं काही काम नव्हतं, पण सल्ल्याची गरज कुठंही पडू शकते. टेम्पोला राखीनं नवं कापड लावून दिलं होतं, त्यावर लांबून वाचता येईल असं 'निवांत'. सरोवराच्या वाटेवर, बाजारापासून जरा बाजूला पुष्पांजलीच्या वडिलांचं, भागवतरावांचं घर होतं. ते ओट्यावरच उभे होते. त्यांनी कापड वाचलं, टेम्पोतून उतरलेली दोन म्हातारी माणसं पाहिली, आणि आत जाऊन धाडकन दार लावून घेतलं.

"मी येत नाही!" आतून आवाज आला. "तिले सांगा! फोटो दाखोला होता तिनं मले तुमचा! मी मेलो तरी येत नाही!"

"अहो, आम्ही न्यायला नाही आलो," सर म्हणाले. "द्यायला आलो आहोत."

"ते दोघं फोटोतले! त्यातला एक त तुमच्यासंग आणला समजवाले! लबाडहो!"

निवृत्तीभाऊंना आपली कीर्ती लोणारपर्यंत आली हे पाहून बरं वाटलं, पण ते ऊन भयंकर होतं. ओट्याला सावली नव्हती. सरांनी दोनदा समजावलं, मग समजावणं सोडलं. त्यांनी कूलर खिडकीशी लावला, टेम्पोतल्या कॅनमधलं पाणी टाकीत ओतलं, गजांतून वायर आत सोडली आणि म्हणाले, "भागवतराव, दार उघडू नका. फक्त प्लग लावा. पटलं नाही तर काढा, आम्ही परत जातो."

बराच वेळ काही झालं नाही. मग वायर आत ओढली गेली. पंखा फिरला, पाणी चढलं, ताट्या भिजल्या. बाहेर दोघं आपल्याच कूलरच्या पाठीशी ऊन सोसत उभे होते.

"आवाज नाही येत याचा," आतून संशयानं विचारणा झाली. "चालू हाये का?"

"समोर हात धरून पाहा."

पुन्हा शांतता. इतकी लांबली, की निवृत्तीभाऊ कुजबुजले, "झोपला वाटते." तेवढ्यात कडी निघाली. भागवतराव दारात उभे होते. पांढरे केस वाऱ्यानं विस्कटलेले. त्यांनी दोघांना आत घेतलं, माठातलं पाणी दिलं, आणि तिघंही खिडकीसमोर ओळीनं बसले. लेकीला फोन लावायला त्यांनी सरांचाच मोबाईल मागितला. "पोचला," ते तिला म्हणाले. "चांगला हाये. तू कवा येतं?" आणि मग बरंच काही ऐकत राहिले. फोन परत देताना त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं होतं.

मोबाईल सरांच्या हातात येतो न येतो तोच वाजला. अनोळखी नंबर. सरांनी सवयीनं घसा साफ केला, पण भागवतरावांनी फोन पुन्हा त्यांच्या हातातून घेतला.

"हाव, निवांतच," ते म्हणाले. "नाही, तसं नाही हे. कूलर हाये, घरी आणून देतात... बापासाठी का? बापाले इचारलं का तू? नाही ना? मंग आधी त्याले फोन लाव. काय म्हनते ते आयक. मंग इकडं बोल."

आणि त्यांनी फोन कट केला.

निवृत्तीभाऊंनी कपाळाला हात लावला. सर कूलरच्या जाळीकडं बघत राहिले. असा एखादा माणूस दुकानात असला तर ब्रँड फार दिवस टिकायचा नाही, असं त्यांच्या मनात आलं. बापाशी बोलून व्हावं एवढा वेळ गेला, आणि तोच नंबर पुन्हा वाजला.

"उचला," भागवतराव पाय लांब करत म्हणाले. "आता कूलरच मांगते तो."